लघुशोधप्रबंधात संदर्भ नीट कसे द्यायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी विद्यार्थिनी नाशिकमध्ये इतिहास विषयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. काळाराम मंदिर सत्याग्रहावर, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या लढ्यावर, तिने लघुशोधप्रबंध लिहिला. मार्गदर्शकांनी ‘संदर्भ नीट द्या’ एवढाच शेरा मारून तो परत दिला. सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे प्रबंधातला किती मजकूर इतरत्र छापलेल्या मजकुराशी जुळतो हे सांगणारा सॉफ्टवेअरचा अहवाल, ३४ टक्के आलाय. हाताशी साहित्य सगळ्या तऱ्हेचं आहे: मराठी पुस्तकं, त्यांत उद्धृत केलेले इंग्रजी उतारे, वर्तमानपत्रांची कात्रणं, इंटरनेटवरचे लेख आणि वडीलधाऱ्यांच्या मुलाखती. ‘कोणती पद्धत वापरू आणि टक्के कमी कसे करू?’ असं तिने विचारलंय.

मी बरीच वर्षं पदव्युत्तर वर्गांना शिकवलं आणि असे प्रबंध तपासले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचे दोन्ही प्रश्न मी उलट्या क्रमाने घेणार आहे, आणि त्यांच्याआधी तुम्ही न विचारलेला एक तिसरा प्रश्न घेणार आहे. माझ्या मते सगळी गुंतागुंत तिथेच आहे. तो प्रश्न असा: हे वाक्य लिहिताना तुमच्यासमोर नेमका कोणता कागद होता?

संदर्भ म्हणजे या प्रश्नाचं खरं उत्तर. स्वल्पविराम कुठे आणि कंस कुठे, हे नंतरचं. जुन्या नाशकात कुणाचं घर शोधणाऱ्याला ‘भद्रकालीत राहतात’ एवढंच सांगितलं तर तो दिवसभर फिरेल. त्याला गल्ली, वाडा, मजला सांगावा लागतो. ‘आंबेडकरांच्या भाषणांतून’ किंवा ‘नाशिक गॅझेटिअर’ असं लिहिणं म्हणजे नुसतं ‘भद्रकालीत’ म्हणणं. वाचकाला त्या पानापर्यंत एकट्याने जाता आलं पाहिजे आणि तुम्ही म्हणता ते तिथे खरंच आहे का, हे बघता आलं पाहिजे.

गॅझेटिअरचंच, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाचंच, उदाहरण घेऊ, कारण नाशिकवर लिहिणारा प्रत्येक विद्यार्थी ते वापरतो आणि बहुतेक जण चुकीचं नोंदवतात. नाशिकची गॅझेटिअर दोन आहेत. एक ब्रिटिश काळातलं, जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या मालेतला सोळावा खंड, १८८३ सालचा. दुसरं महाराष्ट्र शासनाने काढलेलं, १९७५ सालचं. दोन्हींत जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर आहे, मांडणी वेगळी, भाषा वेगळी, माहिती गोळा करण्यामागचा हेतूही वेगळा. तरीही प्रबंधांत नुसतं ‘नाशिक जिल्हा गॅझेटिअर’ असं येतं. १९३० च्या घटनेला १८८३ च्या खंडाचा संदर्भ दिलेलाही मी पाहिलाय. तिथे लेखकाने पुस्तक उघडलेलं नाही हे पहिल्या नजरेतच कळतं आणि मग परीक्षक उरलेल्या सगळ्या तळटिपांकडे संशयाने बघू लागतो.

तेव्हा पूर्ण नोंद साधारण अशी होईल: कॅम्पबेल, जेम्स एम. (संपा.), ‘गॅझेटिअर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी’, खंड १६: नासिक, मुंबई, गव्हर्नमेंट सेंट्रल प्रेस, १८८३, आणि पुढे पृष्ठ क्रमांक. तुम्ही पुनर्मुद्रण किंवा संकेतस्थळावरची प्रत वाचली असेल तर तेही सांगायचं, कारण पानांचे क्रमांक बदलतात. मूळ वर्ष आणि तुम्ही वाचलेल्या आवृत्तीचं वर्ष, दोन्ही द्यायची. मराठी पुस्तकांबाबत तर हे फारच महत्त्वाचं. आपल्याकडे अनेक पुस्तकांची ‘दुसरी आवृत्ती’ हे खरं म्हणजे पुनर्मुद्रण असतं, आणि काही ‘पुनर्मुद्रणां’त चक्क नवी प्रस्तावना आणि नवं प्रकरण घातलेलं असतं. शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान, ज्यावर प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, मुद्रक छापलेलं असतं, त्या दोन्हींचा फोटो पुस्तक हातात घेतल्या घेतल्या मोबाइलवर काढून ठेवा. सार्वजनिक वाचनालयासारख्या १८४० पासून चालत आलेल्या संस्थेत बसून जुनी पुस्तकं बघत असाल तर फोटोची परवानगी आधी विचारा; नाही मिळाली तर तपशील हाताने उतरवा. पुस्तक परत केल्यावर तीन महिन्यांनी ‘प्रकाशक कोण होता’ म्हणून धावाधाव करण्यात प्रबंधाचे शेवटचे आठवडे जातात.

जुन्या मराठी पुस्तकांवर इसवी सन नसतो, शके असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण शक बदलतो गुढीपाडव्याला. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९ मिळवावे लागतात. तुमचाच विषय बघा. सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० ला, म्हणजे पाडव्याच्या आधी, शके १८५१ मध्ये. कुणी १८५१ मध्ये ७८ मिळवले तर सत्याग्रह एक वर्ष आधीच सुरू होईल. पुस्तकावर फक्त शके छापला असेल, महिना नसेल, तर नोंदीत तोच शके ठेवा आणि पुढे चौकोनी कंसात दोन इसवी सनं तिरक्या रेघेने द्या.

आता टक्के. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबाबतचे विनियम काढले. त्यांत साम्याचे चार स्तर आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारून पुन्हा सादर करायचं. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. हे नियम पदव्युत्तर आणि संशोधन पदवीसाठी सादर होणाऱ्या प्रबंधांना लागू आहेत. वर्गातले निबंध, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल त्यांतून वगळलेत. तुमचे ३४ टक्के दुसऱ्या पायरीत बसतात. घाबरण्यासारखं नाही, पण सुधारणं भाग आहे.

मात्र त्याच विनियमांत काय मोजायचं नाही हेही दिलंय, आणि ते कुणी वाचत नाही. योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांची कलमं, प्रमाण संज्ञा आणि समीकरणं हे वगळून साम्य मोजायचं असतं. सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळायचे असतात. तेव्हा आधी ग्रंथालयात जा आणि रिपोर्ट काढताना अवतरणं आणि संदर्भसूची वगळण्याची खूण केली होती का, ते विचारा. पुष्कळदा ती केलेलीच नसते, आणि नुसत्या सूचीमुळे आकडा फुगतो. १४ शब्दांच्या सवलतीचा अर्थ मात्र ‘तेरा शब्द उचला, चालेल’ असा नाही. असा अर्थ लावून लिहिलेले प्रबंध मी पाहिलेत. प्रत्येक वाक्याचा एक तुकडा इकडचा, एक तिकडचा. वाचताना लेखक कुठे सापडतच नाही.

दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. रिपोर्टमध्ये आकडा कमी आला म्हणजे प्रबंध स्वच्छ, असं मराठीत तर मुळीच म्हणता येत नाही. जुनी मराठी पुस्तकं इंटरनेटवर स्कॅन केलेल्या चित्रांच्या रूपात आहेत, त्यांतला मजकूर सॉफ्टवेअरला बहुतेकदा वाचता येत नाही. कित्येक मजकूर युनिकोडच्या (सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. पडद्यावर मराठी दिसतं, पण यंत्राला ती निरर्थक अक्षरं दिसतात. आणि सगळ्यात मोठी पळवाट म्हणजे भाषांतर. इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत आणला की बहुधा कुठलंच साम्य लागत नाही, आणि विद्यार्थ्याला मनापासून वाटतं की हे माझं लिखाण, मी कष्ट घेतलेत. कष्ट घेतलेत हे खरं. पण विचार, क्रम, पुरावा, उदाहरणं सगळं दुसऱ्याचं असेल तर ते भाषांतर आहे आणि ते तसंच सांगितलं पाहिजे. शब्दशः भाषांतर केलं असेल तर अवतरणचिन्हात ठेवा आणि तळटिपेत ‘भाषांतर प्रस्तुत लेखिकेचे’ असं लिहा. दोनचार ओळींहून मोठा उतारा असेल तर मूळ इंग्रजी मजकूर परिशिष्टात द्यायला हरकत नाही. परीक्षकाला भाषांतर पडताळता येतं आणि तुमच्या कामाचं श्रेयही मिळतं.

टक्के कमी करायचे म्हणून शब्द बदलत बसणं हा चुकीचा मार्ग. उदाहरणासाठी मी स्वतः एक उतारा रचते. समजा एखाद्या पुस्तकात पृष्ठ ४७ वर असं आहे: ‘सत्याग्रहाला आलेली माणसं एकट्या नाशिक शहरातली नव्हती. आसपासच्या तालुक्यांतून ती पायी आली, आपल्या भाकऱ्या सोबत घेऊन आली, आणि परत केव्हा जायचं हे ठरवून आली नव्हती.’

विद्यार्थी लिहितो: ‘सत्याग्रहात सहभागी झालेले लोक केवळ नाशिक शहरातील नव्हते. जवळपासच्या तालुक्यांमधून ते चालत आले, स्वतःचे अन्न बरोबर घेऊन आले आणि परतण्याचा दिवस निश्चित करून आले नव्हते.’ जवळजवळ प्रत्येक शब्द बदलला, पण वाक्यांचा सांगाडा जसाच्या तसा आहे. खाली तळटीप दिली तरी हे चालत नाही, कारण तळटीप सांगते की माहिती तिथून घेतली. वाक्यंही तिथूनच घेतली हे ती सांगत नाही. असं लिहिण्यापेक्षा मूळ उतारा अवतरणचिन्हात सरळ दिलेला कधीही बरा.

आता असं बघा: ‘सहभाग शहरापुरता नव्हता, ग्रामीण भागातून लोक स्वतःच्या शिदोरीवर आणि मुक्कामाच्या तयारीने आले, असे अमुक लेखक नोंदवतात (पृ. ४७). प्रस्तुत अभ्यासातील मुलाखतींतही ही बाब येते, मात्र तिथे शिधा गावाने वर्गणी काढून दिल्याचा उल्लेख आहे.’ इथे दोन गोष्टी झाल्या. लेखकाचं म्हणणं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे वाक्यातच कळलं. आणि तुम्ही त्या माहितीचं काहीतरी केलंत, तिला आपल्या पुराव्याशेजारी ठेवलंत. संशोधन म्हणतात ते हेच. असं लिहिण्याची सोपी रीत: उतारा दोनदा वाचा, पुस्तक मिटा, आपल्याला काय कळलं ते कुणाला सांगतो तसं लिहून काढा, मग पुस्तक उघडून नावं, तारखा, आकडे तपासा. पुस्तक समोर उघडं ठेवून केलेला सारांश मूळ वाक्यांना चिकटतोच, कितीही शब्द बदला.

शब्द बदलून देणारी संगणकीय साधनं तर वापरूच नका. २०२१ मध्ये काही संशोधकांनी छापून आलेल्या विज्ञानविषयक लेखांत अशा साधनांच्या खुणा शोधून काढल्या. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या रुळलेल्या संज्ञेच्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ असले विचित्र शब्दप्रयोग त्यांना सापडले. मराठीत ‘सत्याग्रहा’च्या जागी ‘सत्याचा हट्ट’ आलेला परीक्षकाच्या लगेच लक्षात येईल.

आता तुमच्या साहित्यातला सगळ्यात नाजूक भाग: मराठी पुस्तकात उद्धृत केलेले इंग्रजी उतारे. तुम्ही मूळ इंग्रजी कागद पाहिलेला नाही, मराठी पुस्तक पाहिलंय. तरी तळटिपेत थेट मूळ इंग्रजी अहवालाचा क्रमांक आणि तारीख टाकण्याचा मोह होतो, कारण तसं भारदस्त दिसतं. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत दिसणारी ही सर्वांत मोठी अप्रामाणिकता आहे, आणि ती बहुतेक वेळा न कळत होते. मराठी लेखकाने वर्ष चुकवलं असेल, उताऱ्यातलं एक वाक्य गाळलं असेल, तर ती चूक आता तुमच्या नावावर जमा. आणि दहा प्रबंधांनी एकाच दुय्यम पुस्तकातून उचललं की चूक दहा ‘स्वतंत्र’ ठिकाणी दिसते आणि खरी वाटू लागते.

यावर पहिला उपाय म्हणजे मूळ कागद मिळतोय का ते बघणं. आज पुष्कळ मिळतं. जुनी गॅझेटिअर डिजिटल ग्रंथसंग्रहांत आहेत. डॉ. आंबेडकरांचं इंग्रजी लेखन आणि भाषणं महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडशः प्रकाशित केलीत. देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर आहेत. नाहीच मिळालं, तर सरळ लिहा: मूळ कागदाचा तपशील, आणि पुढे ‘अमुक यांच्या तमुक पुस्तकात उद्धृत, पृ. इतके’. संदर्भसूचीत मात्र फक्त तुम्ही वाचलेलं पुस्तक जाईल. एपीए या समाजशास्त्र-मानसशास्त्रात चालणाऱ्या संदर्भपद्धतीतही नेमका हाच नियम आहे. ‘उद्धृत’ लिहिण्यात कमीपणा काही नाही. मी परीक्षक म्हणून बसते तेव्हा हा शब्द दिसला की हा विद्यार्थी आपल्या पायाखालची जमीन तपासून चालतोय, असं मला वाटतं.

येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ती तुमच्या शेवटच्या प्रकरणात येणारच. ते वाक्य प्रत्येकाला पाठ आहे, आणि म्हणूनच धोका आहे. वेगवेगळ्या पुस्तकांत त्याचे शब्द थोडे वेगवेगळे छापलेत. आठवणीतून लिहून अवतरणचिन्हं लावू नका. एक छापील स्रोत निवडा, त्यातले शब्द काना-मात्रेसकट उतरवा, त्याचं पान द्या. मोबाइलवर फिरणारी, महापुरुषांच्या फोटोखाली लिहिलेली वचनं प्रबंधात आणूच नका. त्यांतल्या कितीतरींना छापील आधारच सापडत नाही.

सत्याग्रहाला किती लोक आले, तो नेमका केव्हा थांबला, याबाबतही पुस्तकागणिक वेगळी उत्तरं मिळतील. अशा वेळी एक आकडा निवडून बाकीचे झाकू नका. दोन्ही द्या, दोन्हींचे संदर्भ द्या आणि तुम्ही कोणता धरला, का धरला, ते तळटिपेत एका वाक्यात सांगा. घटनेच्या जवळच्या काळातला कागद, प्रत्यक्ष सहभागी व्यक्तीचं पत्र, समकालीन वर्तमानपत्र यांना नंतरच्या स्मरणिकेपेक्षा जास्त वजन आहे, पण तेही आपापल्या बाजूने लिहिलेले असतात. इतिहासातल्या तळटिपा नुसता पत्ता देत नाहीत, त्या वादही घालतात. त्यांना जागा द्या.

कात्रणांबद्दल. कुणाच्या तरी संग्रहातलं कात्रण, वर पेनने तारीख लिहिलेली, वर्तमानपत्राचं नाव अंदाजाने. हा अर्धाच पुरावा आहे. वर्तमानपत्राचं नाव, गाव, पूर्ण तारीख, बातमीचा मथळा आणि पान क्रमांक एवढं लागतं. ग्रंथालयातल्या बांधीव अंकांत जाऊन तो दिवस शोधा. एखाद्या दिवसाचं काम आहे. नाहीच सापडलं, तर ‘अमुक यांच्या खासगी संग्रहातील कात्रण, पान क्रमांक उपलब्ध नाही’ असं लिहा. कौटुंबिक संग्रह असेल तर नाव छापण्याआधी त्या कुटुंबाला विचारा.

मुलाखतींचं वेगळं. तुम्ही स्वतः घेतलेली मुलाखत हे तुमचं प्राथमिक साधन आहे. इतिहासाच्या प्रबंधात सूचीच्या प्राथमिक साधनांमध्ये तिची नोंद करतात: मुलाखत देणाऱ्याचं नाव, साधारण वय, गाव, तारीख, मुलाखत कुणी घेतली आणि ध्वनिमुद्रण किंवा शब्दांकन कुठे ठेवलंय. एपीए पद्धतीत मात्र संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखती सूचीत जात नाहीत; त्या तुमच्या संशोधनाची सामग्री समजल्या जातात आणि त्यांचं वर्णन संशोधनपद्धतीच्या प्रकरणात येतं. संमती लेखी घ्या. १९३० ची घटना आज सांगणारी व्यक्ती बहुधा आईवडिलांकडून, आजोबांकडून ऐकलेलं सांगते. तेव्हा ‘प्रत्यक्षदर्शी’ म्हणू नका, ‘कुटुंबात सांगितली जाणारी आठवण’ म्हणा. तिची किंमत त्याने कमी होत नाही, ती नेमकी होते.

पहिल्या प्रकरणात तुम्ही नाशिकची पार्श्वभूमी दिली असणार, आणि त्यात पांडवलेण्यांतले शिलालेख आले असणार. इथेही ‘पांडवलेणी शिलालेख’ पुरत नाही. लेण्याचा क्रमांक द्या आणि कुणाचं वाचन वापरलं ते सांगा. सेनार्ट यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात, १९०५-०६ मध्ये, हे लेख संपादित केले. एकाच लेखाला वेगवेगळ्या अभ्यासकांनी वेगळे क्रमांक दिलेत, म्हणून नुसता क्रमांक दिला तर वाचक भलत्याच लेखावर जाईल. लोकसंख्येचंही तसंच. नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ असं लिहिलंत तर ती २०११ च्या जनगणनेची आहे हे वाक्यातच आलं पाहिजे, आणि संदर्भ जनगणनेचा हवा, एखाद्या पर्यटन संकेतस्थळाचा नको. ‘नाशिक गोदावरीच्या काठी वसले आहे’ याला मात्र तळटीप नको. अशा सर्वज्ञात गोष्टींना तळटिपा लावून संख्या वाढवलेली दिसते तेव्हा खरे संदर्भ त्यांत हरवतात.

इंटरनेटवरच्या लेखांना लेखक, शीर्षक, संकेतस्थळाचं नाव, प्रकाशनाची तारीख, लिंक आणि तुम्ही कधी पाहिलं ती तारीख, एवढं द्या. दुवे मरतात. म्हणून महत्त्वाचं पान ‘वेबॅक मशीन’ या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर साठवून त्याची लिंक द्या. मराठी विश्वकोशातल्या नोंदीखाली बहुतेक वेळा नोंदलेखकाचं नाव असतं. ते घ्या, नुसतं ‘विश्वकोश’ लिहिणं त्या अभ्यासकावर अन्याय आहे. विकिपीडिया वाचायला हरकत नाही. त्यातल्या तळटिपा बघा, त्या पुस्तकांपर्यंत जा आणि ती उद्धृत करा.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण आज हे सांगितल्याशिवाय उत्तर अपुरं राहील. चॅटजीपीटीसारख्या साधनाला ‘या विषयावरचे दहा संदर्भ दे’ म्हटलं की ते देतं, आणि त्यांतले काही अस्तित्वातच नसतात. लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख मात्र बनावट. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी अशा रचलेल्या खटल्यांचे दाखले न्यायालयात दिले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. मराठी विषयांत तर बनावट संदर्भ जास्त निघतात, कारण यंत्रापाशी खरी सामग्री कमी आहे. प्रत्येक संदर्भ स्वतः पडताळा. डीओआय (लेखाला दिलेला कायमचा ओळखक्रमांक) असेल तर तो डीओआय डॉट ऑर्गवर टाकून उघडतो का आणि तोच लेख उघडतो का ते बघा. प्रबंध असेल तर शोधगंगेवर शोधा. पुस्तक असेल तर ग्रंथालयाच्या सूचीत. जे हातात किंवा पडद्यावर आलं नाही, ते सूचीत जाणार नाही. दुसऱ्याच्या प्रबंधाची अख्खी सूची आपल्या मागे जोडण्याची जी जुनी सवय आहे, तिलाही हाच नियम.

आता पद्धत कोणती. विभागाने ठरवून दिली असेल तर तीच, वाद नको. ठरवली नसेल तर इतिहासाला शिकागोची तळटीप पद्धत सोयीची, कारण पुराव्याची चर्चा तळटिपेत करता येते. साहित्याचे लोक एमएलए वापरतात, तिची नववी आवृत्ती २०२१ ची आहे. समाजशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्रात एपीए, सातवी आवृत्ती, २०१९ ची. वैद्यकात क्रमांक देणारी व्हँकूव्हर. लांब अवतरण कधी वेगळ्या परिच्छेदात आत सरकवून द्यायचं, हेही पद्धतीवर ठरतं: एपीएत ४० किंवा जास्त शब्द असतील तर, एमएलएत गद्य चार ओळींहून लांब असेल तर, शिकागोत साधारण १०० शब्दांपासून. एक निवडा आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तीच ठेवा. अर्ध्या नोंदींत वर्ष कंसात आणि अर्ध्यांत शेवटी, हे परीक्षकाला सगळ्यात आधी दिसतं.

या सगळ्या पद्धती इंग्रजीसाठी घडल्यात, म्हणून मराठीत काही निर्णय तुम्हालाच घ्यावे लागतील. आडनाव आधी, मग नाव किंवा आद्याक्षरं. ‘डॉ.’, ‘प्रा.’ या उपाध्या सूचीत नकोत. मराठी आणि इंग्रजी नोंदींच्या दोन वेगळ्या याद्या करा, मराठी देवनागरी वर्णक्रमाने आणि इंग्रजी त्यांच्या वर्णक्रमाने. एकत्र केल्या तर कुठलाच क्रम धड राहत नाही. एकच व्यक्ती दोन नावांनी येत असेल तर एक रूप ठरवा आणि दुसऱ्यावरून ‘पाहा’ असं सुचवा. तुमच्या विषयातले, सत्याग्रहाचे एक नेते दादासाहेब गायकवाड कुठे दादासाहेब, कुठे भाऊराव कृष्णराव, कुठे भा. कृ. असे भेटतील.

‘तत्रैव’, म्हणजे ‘वरच्याच तळटिपेतलं पुस्तक’, जपून वापरा. लिहिताना बरोबर असतं. मग मध्येच मार्गदर्शक एक नवी तळटीप घालायला सांगतात आणि खालचं ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतं. शिकागोच्या २०१७ च्या आवृत्तीनेही त्याऐवजी लेखकाचं आडनाव, छोटं शीर्षक आणि पान असं संक्षिप्त रूप सुचवलं. तेच करा. ‘झोटेरो’ हे संदर्भ साठवण्याचं मोफत साधन देवनागरी नोंदी ठेवतं आणि तळटिपा आपोआप घालतं, पण त्याने लावलेला क्रम आणि इंग्रजीत राहिलेले ‘एडिटेड बाय’सारखे शब्द डोळ्यांनी तपासावे लागतात. तक्ते, नकाशे आणि छायाचित्रांखाली स्रोत लिहायला विसरू नका.

तुमच्याकडे वेळ किती आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण काम या क्रमाने करा. रिपोर्टमधला रंगवलेला प्रत्येक भाग घ्या आणि समासात तीनपैकी एक खूण करा: हे अवतरण आहे, हे मूळ वाक्यांना चिकटलेला सारांश आहे, की हे योगायोगाने जुळलंय. पहिल्याला चिन्हं आणि पान द्या, दुसरं पुस्तक मिटून नव्याने लिहा, तिसरं सोडून द्या. मग प्रत्येक तळटीप घेऊन मूळ पान उघडा. ज्यांचं पान उघडता येत नाही त्यांची वेगळी यादी करा. ती मिळवा, ‘उद्धृत’ म्हणून बदला किंवा त्या वाक्यासकट काढून टाका. शेवटी वर्गातल्या एका मैत्रिणीला प्रबंध द्या आणि तिला मनाला येतील त्या दहा तळटिपा निवडून तुमच्या मदतीशिवाय मूळ मजकूर शोधायला सांगा. जिथे ती अडेल तिथे तपशील भरा. आणि सुधारित प्रत मार्गदर्शकांना देताना सोबत एक पानाची टीप जोडा: रिपोर्ट कोणते भाग वगळून काढला, कोणती पद्धत धरली, मराठी नोंदींबाबत कोणते निर्णय घेतले आणि कोणते मूळ कागद पाहता आले नाहीत.